बिझनेस प्लॅन स्पर्धेत उतरताय? आधी मसालेवाल्याकडे जाऊन या

नाशिक जिल्ह्यातल्या चार विद्यार्थ्यांनी विचारलंय: आम्ही फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. विद्यापीठाच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत सौर ड्रायरवर वाळवलेल्या कांद्याचा प्रकल्प मांडायचा आहे, काप आणि पावडर. हातात पाच आठवडे आहेत. परीक्षक नेमकं काय बघतात? प्लॅन किती पानांचा असावा? आणि नंबर आला नाही तर मेहनत फुकट जाते का? सोबत कच्चा आराखडा जोडला आहे.

मी साताऱ्याजवळ भाजीपाला वाळवण्याचा छोटा कारखाना चालवते, त्याला अठरा वर्षं झाली. गेली बारा-तेरा वर्षं महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणूनही जाते. तुमचा विषय माझ्याच धंद्यातला निघाला, त्यामुळे आराखडा ओळन् ओळ वाचला. मेहनत दिसते. ड्रायरचं डिझाइन नीट समजून घेतलंय, तापमानाच्या नोंदी आहेत, रेखाटनं स्वच्छ आहेत. पण बावीस पानांत एकाही गिऱ्हाइकाचं नाव नाही. 'लक्ष्य ग्राहक: शहरी गृहिणी, हॉटेलं आणि निर्यात' एवढी एकच ओळ आहे. पुढचे पाच आठवडे ही ओळ खोडून तिथे खरी माणसं आणण्यात घालवा. माझ्या सगळ्या उत्तराचा रोख तिकडेच आहे.

वाळवलेला कांदा आज विकत कोण घेतं, हे आधी बघा. आमच्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात उन्हाळा लागला की घरोघरी कांदा चिरून वाळत घालतात, कारण कांदा-लसूण मसाल्याला तो लागतो. घरी करणाऱ्या बाया कमी होत चालल्यात आणि विकतचा मसाला करणारे वाढलेत. गावोगावचे कांडपवाले, बचत गट, छोटे मसाला उद्योग, या सगळ्यांना वाळवलेला कांदा किलोनं नाही, पोत्यानं लागतो. ती आज तुमची गिऱ्हाइकं नाहीत, कारण तुम्ही त्यांना भेटलेलाच नाहीत. नाशिकात मिसळीचा मसाला करणारे आहेत, केटरर आहेत, फरसाणवाले आहेत. यातल्या तीस जणांना भेटा. तीस हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. पहिली आठ-दहा माणसं तुमचं मन राखायला गोड बोलतात. पंधरा-वीस झाली की तीच तक्रार दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या तोंडून ऐकू येते, आणि तिथे खरी माहिती सुरू होते.

भेटल्यावर 'आमचा कांदा घ्याल का?' असं विचारू नका. कॉलेजच्या पोरांना कोण नाही म्हणतं? मागच्या महिन्यात किती घेतलात, कुणाकडून, काय भावाने, पैसे रोख की उधारी, माल परत करायची वेळ कधी आली का, आली तर कशामुळे, हे विचारा. उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा. एखादा मसालेवाला म्हणेल की माल स्वस्त मिळतो पण त्यात कचकच लागते, म्हणजे वाळू येते. दुसरा म्हणेल, पावसाळ्यात माल सादळून येतो. तुमचा ड्रायर बंदिस्त आहे, त्यात धूळ-माती शिरत नाही. मग तुमच्या प्लॅनमधलं सगळ्यात भारी वाक्य 'सौर ऊर्जेवर आधारित पर्यावरणपूरक तंत्रज्ञान' हे राहत नाही. 'तीसपैकी इतक्या मसालेवाल्यांची तक्रार वाळूची आहे, आणि आमच्या मालात वाळू नाही' हे होतं. परीक्षक अशा वाक्याला मान वर करून बघतो.

आणि नमुना फुकट वाटू नका. एक किलो द्या, पण पैसे घ्या, बिल द्या. त्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या. खाण्याचा माल तिच्याशिवाय विकायचा नाही, एक किलोसुद्धा. दहा किलोचं बिल बावीस पानांपेक्षा जड असतं.

आता तुमच्या आराखड्यातल्या त्या रकान्याकडे येते, जिथे 'स्पर्धक: या क्षेत्रात थेट स्पर्धक नाही' असं लिहिलंय. हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत वाचते, आणि तुमच्या बाबतीत ते सपशेल चुकीचं आहे. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यात महुवा नावाचं गाव आहे. कांदा वाळवणं हा तिथला मुख्य धंदाच आहे, कारखान्यांची रांग लागलेली आहे, आणि माल परदेशात जातो. आपल्याकडे जळगावात जैन समूह कित्येक वर्षं शेतकऱ्यांशी करार करून पांढरा कांदा लावून घेतो आणि वाळवतो. हे सगळे पांढरा कांदाच का घेतात? त्यात घनपदार्थ जास्त असतात, त्यामुळे किलोभर सुक्या मालाला ओला कांदा कमी लागतो, आणि रंगही पांढरा राहतो. तुमच्या लासलगाव-निफाडचा लाल आणि उन्हाळ कांदा खायला उत्तम, साठवणीत उन्हाळ चांगला टिकतो, पण वाळवायला तो महाग पडतो आणि रंगाला मार खातो. निर्यातदाराला हा रंग चालणार नाही. कांदा-लसूण मसाल्यात मात्र कांदा तळून, तांबूस करूनच टाकायचा असतो, त्यामुळे तिथे रंगाचा प्रश्न फारसा उरत नाही. बघा, स्पर्धक नीट शोधला की आपलं गिऱ्हाईकही नेमकं सापडतं. महुव्याचा ठोक भाव फोन करून विचारा, वाहतूक धरून तो माल साताऱ्यात काय भावाने पडतो ते काढा, आणि तो आकडा प्लॅनमध्ये लिहा. तो तुमच्या भावापेक्षा कमी निघाला तरी लिहा. परीक्षकाला तो ठाऊक असेलच असं नाही, पण माझ्यासारखी कुणी समोर असली तर तुम्ही तो लपवला की शोधलाच नाही, हे लगेच कळतं.

यापुढचा भाग किलोच्या हिशोबाचा आहे आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण अंतिम फेरीत बहुतेक संघ इथेच पडतात.

तुम्ही १०० ग्रॅमचं पाकीट ५० रुपयांना विकणार आहात, म्हणजे किलोला ५०० रुपये. दुकानदार आणि वितरक मिळून तीसेक टक्के कापून घेतात. कर, बदली माल, फुटलेली पाकिटं धरा. तुमच्या हातात किलोमागे ३४० रुपये आले असं समजू. आता खर्च. साल, देठ, खराब कांदा आणि उडालेलं पाणी धरून एक किलो सुक्या मालाला साधा कांदा ९ ते १० किलो लागतो. ९ धरू. बाजार समितीत क्विंटलला १,५०० रुपये भाव असेल तर कांदाच १३५ रुपयांचा झाला. सोलणं-चिरणं, उदाहरणादाखल ४० रुपये. वाहतूक आणि वीज १५. दहा पाकिटं, लेबल धरून ४०. बेरीज २३०. किलोमागे ११० रुपये सुटले. त्यातून जागेचं भाडं, कर्जाचा हप्ता आणि तुमचे पगार निघायचे आहेत. ठीक आहे, चालण्यासारखं दिसतं.

आता भाव ४,००० रुपये क्विंटल करा. कांदाच ३६० रुपयांचा झाला. एकूण खर्च ४५५, आणि हातात येणार ३४०. प्रत्येक किलोमागे ११५ रुपये खिशातून जाणार. नाशिकच्या मुलांना मी कांद्याच्या भावाचं सांगावं असं नाही. २०१९च्या डिसेंबरात किरकोळीत कांदा शंभरीपार गेला होता. २०२३च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि बाजार समितीतले भाव कोसळले, ती बंदी २०२४च्या मेमध्ये उठली. ज्या धंद्याचा कच्चा माल असा नाचतो, त्याच्या प्लॅनमध्ये एकच 'सरासरी भाव' लिहून भागत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी मी सरासरी भाव धरून वर्षभराच्या पुरवठ्याची ऑर्डर घेतली होती. माल द्यायची वेळ आली तेव्हा कांदा तिप्पट झाला होता. शब्द दिला होता म्हणून तोटा सोसून माल दिला आणि पुढची दोन वर्षं तो भरून काढण्यात गेली. तेव्हापासून मी एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा भरपूर असताना वर्षाच्या मालाचा मोठा हिस्सा वाळवून ठेवते. त्यासाठी पैसा आधी लागतो आणि तो महिनोन् महिने पोत्यांत अडकून पडतो. तुमच्या १२ लाखांच्या गुंतवणुकीत ड्रायर आहेत, शेड आहे, पॅकिंगचं यंत्र आहे. खेळत्या भांडवलाला एक रुपयाही नाही. मला तुम्हाला एकच प्रश्न विचारायची परवानगी असती तर मी हाच विचारला असता.

दुसरी एक तपासणी घरी बसून होते. तुम्ही पहिल्या वर्षी ६० लाखांची विक्री दाखवली आहे. ६० लाखांना ३४० ने भागा, साडेसतरा हजार किलोंच्या वर सुका माल येतो. तुमचा ड्रायर दिवसाला १०० किलो ओला कांदा घेतो, म्हणजे सुका ११ किलो. पावसाचे चार महिने सूर्यावर विसंबता येत नाही, ढगाळ दिवस आणि सुट्ट्या वजा केल्या की वर्षात २०० दिवस मिळतील. म्हणजे एका ड्रायरचे २,२०० किलो. ६० लाखांसाठी असे आठ ड्रायर लागतात, आणि तुमच्या यादीत दोनच आहेत. विक्रीचा तक्ता एकाने केला आणि यंत्रांचा दुसऱ्याने, आणि दोघं समोरासमोर बसलेच नाहीत, असं मला दिसतं. आज रात्रीच बसा. विक्री १५ लाखांवर आली तरी काही बिघडत नाही. दोन ड्रायरवर १५ लाख हा आकडा मी पटवून घेईन, ६० लाख पटवून घेणार नाही.

परीक्षक काय बघतात, याचं उत्तर यातच आलं. गुणपत्रिकेवर नावीन्य, बाजारपेठ, आर्थिक बाजू, संघ, सादरीकरण असे रकाने असतात. पण खोलीत बसलेल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट चाललेली असते: ही मुलं बाहेर जाऊन आलीत की खोलीत बसून लिहिलंय? मागे एका स्पर्धेत मुलींचा एक संघ टोमॅटोची पावडर घेऊन आला होता. टोमॅटो पावडर हवेतलं पाणी इतक्या झपाट्यानं ओढते की आम्हालाही ती सांभाळताना घाम फुटतो. एका परीक्षकांनी पाकीट दाबून बघितलं आणि विचारलं, 'यात गाठी होत नाहीत?' मुलीने पिशवीतून वही काढली. पहिल्या बारा पुड्यांपैकी सात पुड्यांत आठ दिवसांत गाठी झाल्या, तारखेसकट लिहिलं होतं. मग साध्या प्लॅस्टिकऐवजी अॅल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट घेतलं, त्यात गाठी दोनच पुड्यांत झाल्या, पण पाकिटामागे खर्च किती वाढला तेही पुढच्याच ओळीत होतं. वहीच्या पानांवर टोमॅटोचे डाग होते. त्या संघाच्या स्लाइड अगदी साध्या होत्या, आणि माझे सगळ्यात जास्त गुण त्यांना गेले. तुमचाही कांदा सादळणार आहे. पाच आठवड्यांत त्याचा हिशोब ठेवायला भरपूर वेळ आहे.

किती पानं, तर स्पर्धेच्या नियमात असतील तितकी, त्याहून एकही जास्त नाही. नियम नसेल तर दहा-बारा पुरेत आणि तक्ते मागे जोडा. बाजारपेठ इतक्या हजार कोटींची आहे, दरवर्षी इतक्या टक्क्यांनी वाढते, ही दोन पानं काढून टाका. ती प्रत्येकाकडे असतात आणि एकाच ठिकाणाहून उचललेली असतात.

भाषेचं एक सांगते, कारण तुमच्यातल्या एकीने वेगळं विचारलंय की इंग्रजी कच्चं आहे, चालेल का. नियमात मराठी चालत असेल तर बिनधास्त मराठीत बोला. नसेल तर सादरीकरण इंग्रजीत पाठ करा, पण प्रश्नोत्तरांच्या वेळी अडखळलात तर 'मराठीत सांगू का?' असं सरळ विचारा. मला आठवतं त्याप्रमाणे कुणी नाही म्हटलेलं नाही. गुण प्रश्नोत्तरांतच ठरतात. आणि सराव एखाद्या किराणा दुकानदारासमोर करा, कॉलेजच्या सरांसमोर नंतर. दुकानदार पहिल्या मिनिटाला विचारेल, 'मला काय सुटणार?' त्याचं उत्तर एका दमात देता आलं की तुमची तयारी झाली.

चौघांचा वाटा प्रत्येकी २५ टक्के असं लिहिलंय. परीक्षा संपल्यावर चौघांपैकी नोकरी कोण धरणार आणि कारखान्यात कोण उभं राहणार, हे एकमेकांना विचारलंत का? अवघड बोलणं आहे, पण आत्ता करा आणि कागदावर उतरवा. सोडून जाणाऱ्याच्या वाट्याचं काय, बक्षिसाचे पैसे कुणाच्या खात्यात, हेही त्यातच लिहा. आणि ड्रायरच्या रचनेत तुम्ही खरोखर काही नवं केलं असेल तर ते मंचावर उघड करण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. आधी जाहीर केलं की नावीन्याचा दावा धोक्यात येतो. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. महाविद्यालयाची प्रयोगशाळा वापरली असेल तर हक्क कुणाचा, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

आता शेवटचा प्रश्न, नंबर आला नाही तर काय.

अशा स्पर्धा काही आजच्या नाहीत. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या विद्यार्थ्यांनी १९८४ साली 'मूट कॉर्प' सुरू केली. कायद्याचे विद्यार्थी जसा अभिरूप खटला चालवतात, तशी ही अभिरूप कंपनी. अमेरिकेतल्याच एमआयटीची स्पर्धा १९९० मध्ये दहा हजार डॉलरच्या बक्षिसावर सुरू झाली. तिथेच १९९८ साली अकामाई नावाची कल्पना अंतिम फेरीत पोचली, पहिली आली नाही, आणि पुढे इंटरनेटचा भार वाहणारी मोठी कंपनी झाली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ई-सेलची, म्हणजे उद्योजकता कक्षाची, 'युरेका' आहे, टाटा समूह आणि आयआयएम कलकत्ता यांची सामाजिक उद्योगांची स्पर्धा आहे. 'आविष्कार' तुम्हाला माहीत आहेच. २००६ पासून चाललेलं ते राज्यातल्या विद्यापीठांचं संशोधनाचं संमेलन आहे, तिथलं पोस्टर जसंच्या तसं बिझनेस प्लॅनच्या स्पर्धेत आणू नका. तिथे 'काय सापडलं' विचारतात, इथे 'कोण पैसे देणार' विचारतात.

पण तुम्हाला सगळ्यात जवळचं उदाहरण तुमच्याच विषयातलं आहे. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलर कंडक्शन ड्रायर केला. २०१३ मध्ये डेल या संगणक कंपनीच्या सोशल इनोव्हेशन चॅलेंजमध्ये त्यांना ६० हजार डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. जिंकल्यावर नुसते ड्रायर विकत राहिले असते तर ती कथा बहुधा तिथेच थांबली असती, कारण बाईने भाजी वाळवली तरी ती विकायची कुठे, हा प्रश्न उरतोच. त्यांच्या एस४एस टेक्नॉलॉजीजने पुढे महिलांना ड्रायर द्यायचे, वाळवलेला माल त्यांच्याकडून आपणच घ्यायचा आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना विकायचा, अशी घडी बसवली. मराठवाड्यातल्या बाया त्यात उभ्या राहिल्या. २०२३ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला, दहा लाख पौंडांचा. २०१३ ते २०२३, मधली दहा वर्षं गिऱ्हाईक शोधण्यात आणि टिकवण्यात गेली आहेत. तुमच्या प्लॅनमध्ये ड्रायर आहे. माल घेणारा लिहायचा राहिलाय.

म्हणून बक्षिसांकडे बघताना रोख रकमेच्या आधी एक गोष्ट बघा. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीचा जो स्टार्टअप सप्ताह होतो, त्यात निवडलेल्या स्टार्टअपना शासनाच्या खात्यांसोबत प्रत्यक्ष काम करायला काही लाखांचा कार्यादेश मिळतो. म्हणजे बक्षीस म्हणून गिऱ्हाईकच मिळतं. माझ्या मते हे चेकपेक्षा मोठं आहे. तुमची नोंदणीकृत कंपनी झाल्यावर तिकडे बघा. यंत्राचा नमुना करायला केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत १० लाखांपर्यंत मदत मिळते, त्यासाठी जवळच्या इन्क्युबेशन केंद्रात, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्रात, चौकशी करा. बँकेकडे किंवा जिल्हा उद्योग केंद्राकडे जाल तेव्हा हाच प्लॅन प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणून लागेल, फक्त तिथे तुम्ही किती मोठे होणार याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, हप्ता कशातून फेडणार एवढंच बघतात. वर मांडलेला किलोचा हिशोब तिथेही कामाला येतो. तीस गिऱ्हाइकांची वही, दहा किलोचं बिल, दोन भावांना मांडलेला खर्च, सादळलेल्या पाकिटांची नोंद, एवढं हातात असेल तर पहिल्या फेरीत बाद झालात तरी तुमच्याकडे एका छोट्या धंद्याची सुरुवात आहे.

या आठवड्यात ५० किलो उन्हाळ कांदा घ्या. पाच किलोच्या आसपास सुका माल मिळेल. प्रत्यक्षात किती मिळाला ते वजन करून लिहा, माझ्या ९ किलोच्या आकड्यावर विसंबू नका. त्यातला किलोभर साध्या पाकिटात बाजूला ठेवा आणि रोज बघा. बाकीचा घेऊन शनिवारी मसालेवाल्यांकडे निघा, सकाळी लवकर, कांडप सुरू व्हायच्या आधी. एकदा यंत्र सुरू झालं की त्या आवाजात कुणी बोलत नाही.